ट्रिलियमवरची हिरवी रेघ

प्रश्न : सध्या मुलीकडे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आलेय. मे महिन्यात मेपलच्या जंगलात फिरायला गेलो तर झाडांखाली नुसती पांढरी फुलं, तीन पाकळ्या, तीन पानं. मुलगी म्हणाली ट्रिलियम. पण काही फुलं गुलाबी होती आणि काहींच्या पाकळ्यांवर मधोमध हिरवा पट्टा, फार गोड दिसत होता. ही वेगळी व्हरायटी आहे का? एक रोप मुळासकट काढून तिच्या बागेत लावलं तर?

उत्तर : ताई, खुरपं आधी खाली ठेवा. गुलाबी म्हणजे म्हातारं झालेलं तेच फूल, उमलताना पांढरं असतं आणि कोमेजत आलं की रंग चढतो. हिरवा पट्टा मात्र आजार आहे हो, फायटोप्लाझ्मा नावाचे बॅक्टेरियासारखे जंतू झाडात शिरले की पाकळ्या अशा हिरवट होतात, पुढे फूलही वेडंवाकडं यायला लागतं. म्हणजे तुम्ही जंगलातला पेशंट उचलून घरी नेणार होतात!

आणि निरोगी असलं तरी नको. या फुलाचं सगळंच सावकाश असतं. बी पडलं की पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ, वर पान दिसायला दुसरा हिवाळा जावा लागतो आणि पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. बी पसरवतात कोण तर मुंग्या, बियांना एक तेलकट गाठ चिकटलेली असते ती खायला मुंग्या बी वारुळात नेतात, गाठ खातात आणि बी तिथेच टाकून देतात, आता मुंगी नेऊन नेऊन किती लांब नेणार? म्हणून एकाच जागी एवढा गालिचा दिसला तर तो कित्येक वर्षांचा समजा.

नुसतं फूल तोडलं तरी बहुतेक वेळा देठासोबत ती तिन्ही पानं येतात, मग त्या वर्षीचं अन्न बनवायला झाडाकडे काहीच उरत नाही. हरणं तर ते खातातच, त्यात आपण कशाला.

१९३७ पासून हे ओंटारिओचं अधिकृत फूल आहे. तोडलं की पोलीस पकडतात असं तिथे बरेच जण सांगतात, तसा खास ट्रिलियमसाठी कायदा नाहीये, पण प्रोव्हिन्शियल पार्कमधून, म्हणजे प्रांताच्या सरकारी उद्यानांतून, झाडं काढायला बंदी आहे. बागेत हवंच असेल तर नर्सरीतून घ्या, फक्त जंगलातून उपटून आणलेलं नाही ना एवढं विचारा, फारच स्वस्त असेल तर नक्की विचारा. आणि जागा मोठ्या पानझडी झाडाखालची द्या, वर पालवी फुटायच्या आधी जे ऊन खाली पोचतं त्यावरच याचं बरंचसं भागतं.