डिसेंबर-जानेवारीत कोकणात समुद्र सोडून डोंगराकडच्या नदीकाठी दोन दिवस जायचंय, कुठे जावं? थंडीत पाणी असतं का?

समुद्र नको म्हणालात ते बरं केलंत, नाताळात किनाऱ्याकडे नुसत्या गाड्यांच्या रांगा असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखकडे या, बावनदीच्या वरच्या अंगाला, माझं आजोळ तिथलंच त्यामुळे थोडा पक्षपात होणार हे आधीच सांगतो.

पाण्याचं म्हणाल तर महिना बघून या. आमच्याकडे पाऊस ३००० मिमीच्या वर पडतो पण सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम ५०-६० किमी, त्यात उतार आणि जांभा दगड म्हणजे चाळणीच, पाणी थांबणार कुठे? डिसेंबरात पऱ्या (डोंगरातला ओढा) वाहता असतो, फेब्रुवारी-मार्चात आलात तर गोटे बघून परत जाल.

थंडी खाली रत्नागिरीत कळतसुद्धा नाही, पण डोंगराच्या कुशीत पहाटे चांगलीच वाजते. सकाळी सातला नदीवर गेलात की धुकं पाण्याला चिकटून पडलेलं असतं, पलीकडच्या काठावर कोण धुणं धुतंय ते दिसत नाही, फक्त आपटल्याचा आवाज येतो. भात कापून झालेलं, मळ्यात त्याच ओलीवर कुळीथ नाहीतर पावटा, आणि मामीकडे चुलीवर कुळथाची पिठी आणि गुरगुट्या (मऊ शिजवलेला) भात. हॉटेलात हे मिळेल अशी आशा धरू नका, घरगुती जेवणाची सोय बघा.

मार्लेश्वर, म्हणजे डोंगरातल्या गुहेतलं शंकराचं देऊळ, कराच. पाचशेच्या वर पायऱ्या, बाजूला धारेश्वरचा धबधबा (थंडीत बारीक झालेला), गुहेत लाईट नाही, फक्त समया. मकरसंक्रांतीला मार्लेश्वरचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, ते बघायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवा, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. येता-जाता हायवेजवळ राजवाडीला गरम पाण्याचं कुंड आहे, गंधकाचा वास येतो पण थंडीत मजा येते. नदीतल्या कोंडात (डोहात) मात्र उतरू नका, वरून शांत दिसतो, खाली शेवाळलेले दगड आणि खोली कळत नाही.

ट्रेनने संगमेश्वर रोडला उतरा, पुढे देवरुखपर्यंत एसटी. आतल्या गावातून परतीची गाडी कधी आहे ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या, मी एकदा नाही विचारलं आणि काजूच्या रोपांच्या टेम्पोत मागे बसून देवरुख गाठलं, थंडीने दात वाजत होते.