लबकची चार वर्षं

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. अमेरिकेतल्या कॉलेजची स्कॉलरशिप हातात आहे आणि तू विचारतोस, चार वर्षं तिकडे घालवण्यापेक्षा आत्ताच प्रो, म्हणजे व्यावसायिक गोल्फर, झालो तर? वर स्वीडनच्या लुडविग ओबर्गचा दाखला: ‘जूनमध्ये प्रो झाला, सप्टेंबरअखेर युरोपकडून अमेरिकेविरुद्ध रायडर कप खेळला. सर, त्याला कुठे वेळ लागला?’ फोनवर मी रागावलो असतो, म्हणून लिहितोय.

त्याला वेळ लागला, बाळा. तू मोजायला सुरुवात २०२३ च्या जूनपासून केलीस.

तो स्वीडनच्या दक्षिणेकडच्या एस्लव्हचा, जन्म १९९९ चा. लहानपणी फुटबॉलही खेळायचा. पुढे हेलसिंगबोर्गच्या एका शाळेत गेला, तिथे अभ्यास आणि खेळ एकाच वेळापत्रकात बसवलेले असतात. तिथले कोच हान्स लार्सन. जगातल्या पहिल्या पाचांत पोचल्यावरही त्याने लार्सनना सोडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तू गेल्या दीड वर्षात तीन कोच बदललेस.

मग २०१९ मध्ये टेक्सास टेक विद्यापीठ. गाव लबक, सपाट माळ आणि सतत वारा. तिथे त्याने चारही वर्षं पूर्ण केली. बेन होगन पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, २०२२ मध्ये मिळाला आणि २०२३ मध्ये पुन्हा मिळाला. त्याच्याआधी दोनदा तो फक्त स्पेनच्या जॉन राहमला मिळाला होता. हौशी खेळाडूंच्या जागतिक यादीत तो पहिला होता. मनात आणलं असतं तर मध्येच सोडून प्रो होता आलं असतं. तो थांबला, आणि नेमकं त्याच वर्षी पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक मालिकेने, कॉलेज क्रमवारीत पहिल्या येणाऱ्याला थेट टूर कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, द्यायला सुरुवात केली. ते पहिलं कार्ड त्याचं. दर सोमवारी कुठल्या तरी पात्रता फेरीत जीव काढायची वेळ त्याच्यावर आली नाही.

माझं तुला ठाऊक नाही, आज सांगतो. मी एकोणिसाव्या वर्षी प्रो झालो. तिसऱ्या स्पर्धेत दोन शॉटने कट हुकला, म्हणजे अर्ध्यावरच बाहेर. परतीच्या गाडीत बसून एका पाकिटाच्या मागे हिशोब मांडला: एन्ट्री फी, कॅडीचे पैसे, लॉजचं बिल. त्या दिवसापासून चार फुटांचा पट, होलमध्ये ढकलायचा तो छोटा फटका, लावताना मला होल दिसायचा बंद झाला, खोलीचं भाडं दिसायला लागलं. हात तेच होते रे, पण मनगट आखडायचं. हरण्याची सवय पोट भरलेलं असताना व्हायला हवी होती. कॉलेज तुला तेवढंच देईल, आणि ते खूप आहे.

कार्ड मिळाल्यावर त्याचं काय झालं ते तुला पाठ आहे. सप्टेंबरच्या ३ तारखेला स्वित्झर्लंडमध्ये युरोपियन मास्टर्स जिंकला, दुसऱ्याच दिवशी युरोपच्या कर्णधाराने, ल्यूक डोनाल्डने, त्याला रायडर कपच्या संघात घेतलं. एकही मेजर, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकही, न खेळता रायडर कप खेळणारा तो पहिला. रोमला शनिवारी सकाळी जोडीदार हॉवलँडबरोबर त्याने अमेरिकेच्या शेफलर आणि कोएप्काला ९ आणि ७ ने हरवलं, म्हणजे सात होल बाकी असतानाच नऊ होलची आघाडी. अठरा होलच्या सामन्यात रायडर कपमध्ये इतका मोठा विजय कुणाचाच नाही. तू मला त्याची क्लिप पाठवली होतीस. दुपारचं मात्र पाठवलं नाहीस: त्याच जोडीला बर्न्स आणि मोरिकावाने ४ आणि ३ ने हरवलं. रविवारी एकेरीत तो कोएप्काकडूनही हरला. दीड महिन्याने नोव्हेंबरमध्ये आरएसएम क्लासिक स्पर्धेत चार दिवसांचे शॉट: ६७, ६४, ६१, ६१. जितके कमी तितकं चांगलं. एकूण २५३, टूरवरच्या नीचांकी बेरजेशी बरोबरी.

मला मात्र २०२४ च्या मास्टर्सचा रविवार जास्त आवडतो. पहिलीच मेजर, तो आघाडीच्या झुंजीत, आणि अकराव्या होलवर दुसरा शॉट डावीकडे तळ्यात. डबल बोगी, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन शॉट जास्त. मी टीव्हीसमोर उठून उभा राहिलो. आता हा चेंडूवर जास्त वेळ उभा राहील, क्लब बदलेल, काहीतरी करेल असं वाटलं. त्याने काहीच बदललं नाही. नेहमीसारखा आला, एकदा लक्ष्याकडे पाहिलं, मारला. तेराव्यावर बर्डी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक शॉट कमी, चौदाव्यावर पुन्हा बर्डी. शेफलरपेक्षा चार शॉट मागे, दुसरा आला. ती चाल त्याने लबकच्या वाऱ्यात बसवली असणार, असं माझं मत.

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. २०२५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्सला आजारी पडून घसरला, तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर जेनेसिस स्पर्धा जिंकला, शेवटच्या होलवर बर्डी करून.

बाबांना म्हणावं, स्कॉलरशिपच्या कागदांवर सही करण्याआधी मला एकदा भेटा. फी आणि विम्याच्या रकान्यात काय बघायचं ते मी सांगेन. आणि तू रविवारी सकाळी सहाला रेंजवर ये. फक्त सात नंबरचं आयर्न आण, बॅग गाडीतच राहू दे. प्रत्येक चेंडूवर तू किती वेळ उभा राहतोस ते मला घड्याळ लावून बघायचंय.

तुझा,
सर