एका वर्षात ‘मूनलाइट’चा तिसरा भाग वाजवायला घ्यावा का?

सोलापुरात शिक्षक मिळत नाहीत, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर वर्षभर स्वतःच शिकताय आणि आता बेथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटा या पियानोरचनेचा तिसरा भाग घ्यायचाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत: आत्ता नको. त्यात वेगानं वर चढत जाणारे अर्पेजिओ, म्हणजे एकामागोमाग एक वाजवलेले कॉर्डचे सूर, आहेत. हात आवळून वाजवलेत तर कोपरापर्यंत भरून येईल, आणि ती आवळ पुढे सोडवणं फार जड जातं.

आधी अंगठा बघा. उजव्या हातानं सी मेजर स्केल (फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरचं सप्तक) चढताना मधल्या बोटानंतर अंगठा खालून सरकतो. तिथे मनगट खचतं का? तो एक सूर ठसक्यात येतो का? येत असेल तर तिथेच रेंगाळा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, ठोक्याला एक सूर, एकेक हात वेगळा. आपल्याकडे हातमागावर धोटा कसा जातो ते पाहिलं असेल. विणकर खांदा ताणत नाही, झटका देऊन लगेच हात सैल सोडतो. बोटांचंही तसंच हवं.

वाजवायला संगीतकार बुर्गम्युलरचे ओपस (रचना क्रमांक) १०० मधले २५ एट्यूड, म्हणजे सरावाच्या छोट्या रचना, घ्या, नंतर बाखच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन सुरावटींच्या १५ इन्व्हेन्शन्स या छोट्या रचना. त्यांत डाव्या हाताला उजव्याइतकंच काम असतं, म्हणून मला त्या फार मोलाच्या वाटतात.

जमेल तेव्हा ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हलक्या पट्ट्यांवर बोटांत जोर येत नाही. आणि दुखलं की लगेच थांबा, त्या दिवशी पुन्हा बसू नका.