केसपेपरवरचा रकाना

प्रिय पोरी,

"आम्ही दोघी मुलीच, मग काळजी कसली?" असं तू लिहिलंस. पंचविशीत मीही हेच म्हणत होते. दिवस जायची भीती नाही, एवढंच त्यातलं खरं.

पहिल्यांदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेले तेव्हा केसपेपर भरणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "लग्न झालंय?" मी नाही म्हटलं. रकान्यात 'अविवाहित' पडलं आणि आतली तपासणी झालीच नाही. आपल्याकडे लग्न नाही म्हणजे संबंध नाहीत, असा हिशेब! मीही गप्प बसले. पांढरं पाणी जात होतं, मासळीसारखा वास येत होता. तीन महिने घरगुती उपायांत घालवले. निघालं बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं. गोळ्यांच्या एका कोर्सने गेलं. बायकाबायकांच्या जोड्यांत ते बरंच आढळतं, म्हणून तुझ्या मैत्रिणीला त्रास असेल तर तिलाही दाखवायला सांग.

तू सरळ सांग, "लग्न झालेलं नाही, पण संबंध आहेत, बाईशी." जीभ रेटत नसेल तर नुसतं "संबंध आहेत, आतून तपासा" म्हण. डॉक्टरांचा चेहरा बदलला तर डॉक्टर बदल. 6 सप्टेंबर 2018 च्या कलम 377 वरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, तू कशाला आवाज खाली आणतेस?

एचपीव्ही हा विषाणू त्वचेच्या स्पर्शाने पसरतो, त्याला पुरुष लागत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्यातूनच होतो. त्याची लस सव्विशीपर्यंत घेतलेली बरी. तुझ्या वयाला तीन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस 2023 पासून मिळते. लस घेतली तरी पुढे पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, चुकवायची नाही.

बाकी घरातल्या गोष्टी. नखं कापलेली हवीत. टॉय एकीकडून दुसरीकडे जाताना कंडोम नवा. आणि खोबरेल तेल? केसांना लाव. त्याने लेटेक्स फाटतं. पाण्याचं ल्युब, म्हणजे वंगण, आण. ओठावर तापाच्या पुळ्या असतील तर तोंडाने काही नको, नागीण-कुळातला तो हर्पीस खालीही जातो. एरवी कंडोम उभा कापून मध्ये धरता येतो. हसशील, पण चालतं.

कधी पुरुषाशीही संबंध आला तर तिच्यापासून लपवू नकोस. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी फुकट होते, बाहेर कळत नाही.

पाळीत पॅप करत नाहीत, तेव्हा तारीख बघून ठरव. एकटीने जावंसं वाटलं नाही तर कळव, मी बाहेर बाकड्यावर बसेन.

तुझी,
ताई