टोर्नेडोला चक्रीवादळ म्हणू नका प्लीज

अमेरिकेत टेक्ससमधल्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोमधून एका ताईंनी विचारलंय की टोर्नेडोला मराठीत नक्की काय म्हणायचं, आणि साताऱ्याहून राहायला आलेल्या आईबाबांना 'टोर्नेडो वॉच' आणि 'टोर्नेडो वॉर्निंग' यातला फरक कसा सांगायचा, कारण त्यांना दोन्ही म्हणजे 'वादळाचा इशारा' एवढंच कळतं.

ताई, आधी पहिला प्रश्न. पेपरात सर्रास चक्रीवादळ लिहितात, पण ते चूक आहे आणि या बाबतीत चूक महागात पडू शकते. चक्रीवादळ म्हटलं की आपल्या माणसाला २०२० चं निसर्ग आठवतं, म्हणजे समुद्रात तयार झालेलं, शेकडो किलोमीटर पसरलेलं, दोन-तीन दिवस आधीपासून टीव्हीवर येतंय येतंय चाललेलं. टोर्नेडो म्हणजे जोरात फिरणारा हवेचा खांब, तो ढगातून खाली उतरतो, त्याची रुंदी बहुतेक वेळा काहीशे मीटरच असते आणि हातात मिळतात ती मिनिटं, दिवस नाही. त्यामुळे आईबाबांच्या मनात चक्रीवादळ बसलं तर ते म्हणणार, बघू, अजून वेळ आहे.

दिसायला जवळची म्हणजे आपली वावटळ. पण ती तापलेल्या जमिनीवरून उठते, वर ढग लागत नाही, आणि लहानपणी आम्ही पोरं मुद्दाम तिच्यात घुसायचो, त्यामुळे त्या शब्दात भीतीच नाही. पारिभाषिक मराठीत 'घूर्णवाती वादळ' आहे, अर्थाने बरोबर आहे पण घाईच्या वेळी कोणाच्या तोंडात येणार? माझं मत स्पष्ट आहे, टोर्नेडोच म्हणा. त्सुनामी नाही का आपण तसाच घेतला.

आणि शब्द टाळल्याने काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. १८८० च्या दशकात तिथल्या सरकारी हवामान अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायलाच बंदी घातली होती, लोक घाबरतील म्हणून, आणि ती १९३८ पर्यंत होती! म्हणजे इतकी वर्षं अंदाजात नुसतं जोरदार वादळ वगैरे.

आता वॉच आणि वॉर्निंग. वॉच काढतं ते ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, मोठ्या भागासाठी आणि काही तासांसाठी, अर्थ एवढाच की हवा टोर्नेडोला अनुकूल आहे. वॉर्निंग काढतं राष्ट्रीय हवामान सेवेचं स्थानिक ऑफिस, छोट्या भागासाठी, जेव्हा रडारवर फिरकी दिसते किंवा कोणी डोळ्यांनी टोर्नेडो पाहिलेला असतो. मराठीत गोंधळ होतो कारण आपला 'इशारा' फार झिजलाय, उद्या पाऊस पडेल त्यालाही इशारा आणि धरणातून पाणी सोडलं त्यालाही इशारा. म्हणून मी तर म्हणेन नामाला नाम शोधतच बसू नका, क्रियापद द्या. वॉच म्हणजे 'तयारीत राहा', वॉर्निंग म्हणजे 'आत्ता लपा'. आईबाबांना व्याख्या नकोय, काय करायचं ते हवंय.

'लपा' म्हणजे कुठे तेही सांगून ठेवा. तुमच्याकडच्या बहुतेक घरांना तळघर नसतं, मग सगळ्यात खालच्या मजल्यावरची, घराच्या मधली, खिडकी नसलेली जागा, बाथरूम किंवा जिन्याखालचं क्लॉझेट. बाहेरचा भोंगा मुळात उघड्यावर असलेल्यांसाठी असतो, घरात एसी चालू असताना ऐकू येईलच असं नाही, म्हणून फोनवरचे अलर्ट त्यांच्याही फोनमध्ये चालू करा. आणि टोर्नेडोचा मुख्य मोसम, म्हणजे वसंत ऋतू, संपला की सुटलो असं समजू नका, डॅलसजवळच्याच गार्लंड-रौलेटचा टोर्नेडो २६ डिसेंबर २०१५ ला आला होता, तोही अंधार पडल्यावर, त्यात १० माणसं गेली.

अजून एक, बातम्यांत गावाआधी काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाव घेतात आणि फ्रिस्को तर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत विभागलंय, तुमचं घर कुठल्या बाजूला ते आईबाबांना पाठ असू दे. फ्रिजवर मोठ्या अक्षरात मराठीत लावा: 'आपली काउंटी अमुक. वॉच आलं: बूट, औषधं, फोन जवळ ठेवा. वॉर्निंग आली: खालच्या बाथरूममध्ये जा, खिडकीतून बघायला जाऊ नका, आम्हाला फोन नंतर करा.'