मेपल सिरपचा सीझन संपला हे कसं ओळखायचं आणि नंतरची आवराआवर कशी करायची?

तुम्ही घरामागच्या चार मेपलना पहिल्यांदाच टॅप (खोडाला भोक पाडून बसवायची तोटी) लावलेत, सॅप (झाडाचा पातळ गोड रस, तो आटवला की सिरप) अजून टपकतोय, तर थांबायचं कधी, झाडांची भोकं कशाने बुजवायची आणि भांडी कशी धुवायची, असं विचारलंय. मी अमेरिकेत व्हर्मॉन्टला असतो, पाच झाडं, सात टॅप, सहावा सीझन. इथल्या जुन्या लोकांच्या मानाने बालवाडीतच आहे, पण चुका भरपूर करून झाल्यात.

सॅप टपकतोय म्हणजे सीझन चालू आहे असं नसतं बरं का. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तरच चांगला सॅप येतो. एप्रिलच्या सुमाराला रात्रीही शून्याच्या वर राहायला लागल्या, फांद्यांच्या टोकाला कळ्या फुगल्या, की सॅप वाहतो पण त्यातली अमिनो आम्लं बदलतात आणि सिरपला एक घाण वास येतो, ह्याला इथे 'बडी' म्हणतात, बड म्हणजे कळीवरून. रेड मेपलच्या कळ्या शुगर मेपलच्या आधी फुगतात, त्यामुळे तुमची झाडं मिक्स असतील तर रेडवाले टॅप आधी काढा. दुसरी खूण म्हणजे बादलीतला सॅप पाण्यासारखा न दिसता गढूळ, पिवळट दिसतो. आणि संध्याकाळी तळ्याकडून छोटे बेडूक ओरडायला लागले की शेजारचे आजोबा नुसतं बोट वर करून दाखवतात, बास म्हणून.

दुसऱ्या वर्षी मी ऐकलं नाही. फुकटचा सॅप वाया का घालवा म्हणून शेवटचा ४५ लिटर गोळा केला, अख्खा शनिवार लाकडं जाळत बसलो, आणि एक लिटरभर सिरप झालं त्याला उकडलेल्या कोबीचा वास. बायकोने बाटली उघडली आणि काही न बोलता परत बंद केली. तेव्हापासून मी शेवटी शेवटी रोज दोन कप सॅप आधी किचनमध्ये छोट्या भांड्यात उकळून वाफेचा वास घेतो, वास विचित्र आला की सगळा सॅप झाडाच्या बुडाशी ओतून मोकळा. हाव करू नका, एक दिवस लवकर थांबलेलं परवडतं.

शेवटचा चांगला सॅप साठवूही नका, उबेत तो दुधासारखा नासतो, त्याच दिवशी आटवा. ही बॅच काळपट होणारच, कारण उबेत जिवाणू वाढून सॅपमधल्या सुक्रोजचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचं, ग्लुकोज-फ्रुक्टोज करून ठेवतात. ती करपतेही पटकन, म्हणून शेवटचा अर्धा तास पॅन सोडून कुठे जाऊ नका. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर ४ अंश सेल्सिअस गेलं की सिरप तयार, फक्त पाणी किती अंशाला उकळतंय ते त्याच दिवशी मोजा, हवेच्या दाबाने फरक पडतो. फेस वर यायला लागला तर बोटाच्या टोकाएवढं बटर टाका, लगेच बसतो. माझ्या मामाच्या गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचा रस टाकायचे मळी वर यायला, ते वेगळं, पण बटर टाकताना मला दरवेळी तेच आठवतं. गाळून ८२ अंशाच्या वर गरम असतानाच बाटल्या भरा आणि मिनिटभर आडव्या करा म्हणजे झाकणही तापतं. मला यंदा २५० लिटर सॅपचं सहा लिटरला थोडं कमी सिरप मिळालं, तेव्हा फार मिळालं नाही म्हणून नाराज होऊ नका. काळं सिरप मात्र लोकांना वाटून टाकू नका हं, बडी नसेल तर ते काकवीच्या सगळ्यात जवळ जातं, पाडवा साधारण ह्याच दिवसांत येतो आणि आमच्याकडे तेव्हा घावनांबरोबर तेच असतं.

आता भोकं. काहीही भरू नका. मेण नको, लाकडाची खुंटी नको, माती तर नकोच. टॅप हळू फिरवत काढा, हिसका देऊ नका, आणि झाडात विसरू नका, टॅप असेपर्यंत भोक बुजत नाही. निरोगी झाड एक-दोन वर्षांत ते स्वतःच बंद करतं. आतलं तेवढं लाकूड मात्र कायमचं मेलेलं असतं, तिथून परत सॅप येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी नवीन भोक बाजूला सरकवून आणि थोडं वर-खाली. मी काढल्या काढल्या फोटो काढून ठेवतो, कारण जुनी जागा नंतर सापडत नाही.

भांडी त्याच दिवशी, गरम पाणी आणि ब्रश. साबण लावू नका, प्लॅस्टिकमध्ये त्याचा वास बसतो आणि पुढच्या वर्षी सिरपमध्ये उतरतो. पॅनच्या तळाला खरखरीत पांढरट थर असेल ती शुगर सँड, घासून हात दुखवून घेऊ नका, व्हिनेगर आणि पाणी घालून रात्रभर ठेवा, सकाळी सुटते. लोकरीचा फिल्टर असेल तर नुसता गरम पाण्यात बुचकळा, पिळायचा नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करायची नाही, मी एकदा ओलाच ठेवला होता, फेब्रुवारीत बाहेर काढला तेव्हा हिरवा झाला होता.