विंडोजमधला सिक्युरिटी टॅब कुठे गेला?

एखादी फाइल कोणी उघडायची, कोणी बदलायची आणि कोणी पुसायची, हे विंडोजमध्ये प्रॉपर्टीजच्या खिडकीतल्या सिक्युरिटी टॅबवर ठरतं. हा टॅबच दिसत नाही, किंवा दिसतो पण ऐकत नाही, अशी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही निवडून उत्तरं देतो.

प्रश्न: सी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की सिक्युरिटी टॅब येतो, पण पेन ड्राइव्हवर येत नाही. तो परत कसा आणायचा?

तो तिथे कधी नव्हताच. परवानग्यांची यादी एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरच साठवता येते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट 32 किंवा एक्सफॅटमध्ये असतात आणि तिथे अशा यादीला जागाच नसते. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबवर 'फाइल सिस्टिम' असं लिहिलेलं दिसेल, ते वाचा.

फॅट 32 असेल तर कन्व्हर्ट या कमांडने डेटा न पुसता एनटीएफएस करता येतं. एक्सफॅट असेल तर डेटा दुसरीकडे ठेवून पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. पण खरंच हवंय का हे? टीव्ही किंवा गाडीतला स्टिरिओ एनटीएफएस वाचेलच असं नाही, मॅकवर ते वाचता येतं पण त्यावर लिहिता येत नाही. शिवाय पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती गेला, तर तो माणूस स्वतःच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून तुमच्या सगळ्या परवानग्या बाजूला सारू शकतो. लपवायचंच असेल तर एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात फाइली ठेवणं, वापरा.

प्रश्न: एका कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप घेतला. त्यात कुठल्याच ड्राइव्हवर सिक्युरिटी टॅब नाही, सी ड्राइव्हवरसुद्धा नाही. विंडोज होम आहे, त्यामुळे विंडोजचे नियम ठरवायचं ग्रुप पॉलिसी हे साधनही उघडत नाही.

सगळीकडूनच टॅब गायब आहे म्हणजे तो कोणीतरी मुद्दाम लपवलेला असण्याची शक्यता जास्त. ऑफिसांमध्ये हे सर्रास करतात, कर्मचाऱ्यांनी परवानग्यांशी खेळू नये म्हणून. ग्रुप पॉलिसी एडिटर होम आवृत्तीत मिळत नाही, हे खरं. तो 'चालू करून देणाऱ्या' बॅच फाइली नेटवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. पॉलिसी शेवटी रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक नोंदच लिहिते, ती थेट बदलता येते.

स्टार्टमध्ये रेजएडिट (regedit) टाइप करा. एचकी करंट यूजरखाली (HKEY_CURRENT_USER) सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, एक्सप्लोरर असं उतरत जा. या एक्सप्लोरर फोल्डरवर राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करा, म्हणजे मागे फिरायची वाट राहील. उजवीकडे 'नो सिक्युरिटी टॅब' अशी, सगळे शब्द जोडून लिहिलेली (NoSecurityTab) नोंद आहे का बघा. तिची किंमत 1 असेल तर टॅब लपतो. नोंद पुसून टाका, साइन आउट करून पुन्हा आत या. इथे ती सापडली नाही तर एचकी लोकल मशीनखाली याच वाटेने जाऊन बघा.

दोन दिवसांनी टॅब पुन्हा नाहीसा झाला, तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडा. तिथे जुन्या कंपनीचं खातं अजून जोडलेलं असेल, तर नियम तिकडून येतायत. अशा वेळी रेजिस्ट्री खरडत बसण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला सांगून लॅपटॉप कंपनीच्या यादीतून काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. वापरलेल्या लॅपटॉपवर मी तर पहिल्याच दिवशी हेच करायला सांगेन.

प्रश्न: वर्कशॉपमधल्या एका मशीनचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोज एक्सपी होमवर चालतं. तिथे परवानग्या कुठे बदलायच्या?

एक्सपी होममध्ये हा टॅब फक्त सेफ मोडमध्ये दिसतो. कॉम्प्युटर सुरू होताना एफ 8 दाबत राहा, सेफ मोड निवडा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत जा. एक्सपी प्रोफेशनलमध्ये एवढी यातायात नाही: फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबवर अगदी तळाशी 'यूज सिंपल फाइल शेअरिंग' आहे, त्याची खूण काढली की झालं.

परवानग्या बदलणारी कॅक्ल्स (cacls) कमांड कोणी सुचवली तर जपून. तिच्यात स्लॅश ई लिहायचं राहिलं, तर नवी परवानगी जुन्या यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून तिच्या जागी बसते. आणि एक्सपीचे सुरक्षा अपडेट 8 एप्रिल 2014 लाच बंद झाले, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट देऊ नका.

प्रश्न: बंद पडलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला जोडली. फोटोंच्या फोल्डरवर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं. सिक्युरिटी टॅबवर माझ्या नावाऐवजी 'अननोन अकाउंट' आणि लांबलचक आकडा दिसतो.

तो आकडा म्हणजे तुमचं जुनं खातंच. विंडोज परवानगी नावाने देत नाही, प्रत्येक खात्याला मिळालेल्या ओळख क्रमांकाने देते. नव्या कॉम्प्युटरवर तुम्ही तेच नाव घेतलंत तरी क्रमांक वेगळा पडतो, म्हणून जुन्या डिस्कच्या लेखी तुम्ही परके.

आधी साधा मार्ग: फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' असं बटण आलं तर ते दाबा आणि वाट पाहा, फाइली खूप असतील तर वेळ लागतो. नाही जमलं तर सिक्युरिटी टॅबवर अ‍ॅडव्हान्स्ड, वर ओनरसमोर चेंज, तिथे आपलं नाव. खाली आतल्या सगळ्या फाइलींचा मालक बदलण्याची चौकट येते, तिच्यावर खूण करायला विसरू नका, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मग खिडक्या बंद करून पुन्हा उघडा आणि स्वतःला फुल कंट्रोल द्या. फक्त मालक झाल्याने वाचता येत नाही, परवानगी वेगळी द्यावी लागते.

एवढं करूनही काही फाइली उघडत नसतील आणि त्यांच्या चिन्हावर छोटं कुलूप असेल, तर त्या एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. तिथे मालकी कामाची नाही, जुन्या खात्याचं सर्टिफिकेट लागतं. त्याची प्रत कुठे ठेवली होतीत का, ते शोधा.

प्रश्न: एक व्हिडिओ बघून अख्ख्या सी ड्राइव्हला 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' दिलं. आता स्टार्ट मेनू उघडत नाही. मूळ परवानग्या परत आणता येतील का?

एका बटणाने नाही. विंडोजच्या बऱ्याच फाइलींचा मालक तुम्ही नसता, ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाची सेवा असते आणि जागोजागी परवानग्या वेगळ्या असतात. तो सगळा फरक सरसकट पुसला गेला. आयकॅक्ल्स (icacls) या परवानग्या बदलणाऱ्या कमांडमधलं स्लॅश रीसेट इथे चालवू नका. ते फाइलींना वरच्या फोल्डरच्या परवानग्या देतं. तुमच्या स्वतःच्या फोल्डरवर ते उत्तम, विंडोजच्या फोल्डरवर मात्र नासाडी वाढवणारं.

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याच भाषेच्या विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायच्या डिस्कची प्रत) उतरवून तिच्यातला सेटअप चालवा आणि फाइली व अ‍ॅप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. विंडोज स्वतःवरच पुन्हा बसते. तेही अडलं तर नव्याने इन्स्टॉल करणं आलं.

पुढे कधी एखाद्या फोल्डरवर प्रयोग करायचाच असेल, तर आयकॅक्ल्सच्या स्लॅश सेव्हने आधी त्याची यादी फाइलीत उतरवून ठेवा. स्लॅश रिस्टोअर करताना मात्र त्या फोल्डरचा नाही, त्याच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा.

प्रश्न: फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली'समोरचा भरीव चौकोन काढला तरी परत येतो.

येऊ द्या. ती परवानगी नव्हे. तो चौकोन फक्त आतल्या फाइलींबद्दल विचारत असतो, फोल्डरमध्ये लिहिण्याशी त्याचा संबंध नाही. लिहिता येत नसेल तर सिक्युरिटी टॅब बघा, आणि तिथेही सगळं ठीक असेल तर विंडोज सिक्युरिटीतलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू आहे का ते. खंडणीखोर व्हायरसांपासून बचावासाठी ते 2017 मध्ये आलं. चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, मग तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असा की नसा.